सुका राहिलेला पाय

ठमाबाई ग्रामसभेत उठून बोलली आणि खालची आळी हसली. ते हसू तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. पाणीपट्टी साठाची शंभर झाली, ती अख्ख्या गावाला सारखीच. खालच्या आळीत नळ तासभर धो धो वाहायचा. डोंगरावरच्या वरच्या वाडीत पाव तास, तोही करंगळीएवढा. वाडीच्या आठ घरांनी वाढीव पट्टी भरायला नकार दिला, तसा सरपंच दीपक कडाडला, "शिमगा झाला की तुमची लाइन तोडणार! पाणी सगळ्यांना सारखं, पट्टी सगळ्यांना सारखी."

"एकदा वर येऊन बघ तरी," ठमाबाई म्हणाली.

"येतो की, पालखी घेऊन!" त्यावर ते हसू पिकलं होतं. बोलून फसला बिचारा.

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी दारात आली की घरची बाई पालखी वाहणाऱ्यांचे पाय धुते, मगच पालखी उंबऱ्याशी येते. तोवर ती खांद्यावरच. जमिनीला टेकवायची नाही. वरच्या वाडीत पहिला मान ठमाबाईच्या घराचा, आणि पालखी तिथे पोचायची सकाळी अकराला. नळाची वेळही तीच. म्हातारीने हे बरोबर हेरून ठेवलं होतं.

ढोल वाजवत पालखी चढ चढून अंगणात आली. चौघांच्या खांद्यावर दांडा, मागे उजवीकडे घामाने निथळणारा दीपक. ठमाबाईने महाडच्या बाजारातून आणलेला नवा तांब्या नळाखाली धरला. नळाने दोन उचक्या दिल्या आणि बारीक धार सुरू झाली.

तिघांचे पाय धुऊन होईतो ढोलवाले दमून थांबले. मुंबईहून आलेली सून स्नेहल कानाशी लागली, "आई, हंडा भरलेला आहे की आत!"

"तो विहिरीचा गो, डोक्यावरनं आणलेला. पट्टी नळाची हाय ना? मग पाय नळाच्याच पाण्यानं धुवायचे."

बोलली खरी, पण नजर पुन्हा पुन्हा पालखीकडे वळत होती. देवीला उन्हात ताटकळत ठेवायचं म्हणजे काय थट्टा? आई, मला पदरात घे, असं ती मनात म्हणत राहिली. दीपकचा डावा पाय धुऊन झाला आणि नळ बंद पडला. पाव तास संपला होता.

"काकी, आटपा!" दीपकने खांदा सावरला. "खांदा गेला माझा!"

"पाणी माझ्या हातात हाय काय रे? तुझ्या हातात हाय."

दीपकने देवीच्या मानकऱ्याकडे, म्हाताऱ्या महिपतकडे पाहिलं. महिपतने मान हलवली. "एक पाय सुका ठेवून पालखी पुढं जायची नाय."

खालच्या आळीच्या बायका कधी त्या कोरड्या नळाकडे बघत होत्या, तर कधी एकमेकींकडे. शेवटी दीपक ओरडला, "पाणी सोडणाऱ्या अरविंदला फोन लावा! म्हणावं, खालचा व्हॉल्व्ह बंद कर, सगळं पाणी वर सोड!"

पाच मिनिटांत नळ असा फुसांडला की तांब्या हातातून उडाला. वाडीत एकच कल्ला झाला. आठही घरांतून हंडे, कळश्या, बादल्या धावत आल्या. सोडलं की पाणी वरही चढतं, हे आता आंधळ्यालाही दिसत होतं.

ठमाबाईने तांब्या भरला, पण ओतला नाही. "देवीसमोर बोल, दीपक."

दीपकने एकदा गावाकडे पाहिलं. आता कोणी हसत नव्हतं. त्याने मान खाली घातली. "चुकलं, काकी. वाडीला पूर्ण तास पाणी मिळेपर्यंत वाढीव पट्टी नाय. लाइन तुटणार नाय. उद्याच सभा घेऊन ठराव लिहितो."

"लिहाच!" खालच्या आळीतली बनुबाई सगळ्यांत आधी ओरडली, आणि तिच्यामागून सगळं गाव.

ठमाबाईचे डोळे भरून आले होते. तिने खाली वाकून दीपकचा उजवा पाय नीट, बोटांच्या बेचक्यांतून चोळून धुतला.

"आता झाले बघ सारखे," ती म्हणाली आणि पालखीला वाट द्यायला बाजूला सरली.