पुलीचं पोट

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांनी घडवलेली शेवटची पुली लेथशेजारी तशीच पडून होती. लाकूडवाल्याच्या करवतीला बसवायची होती ती.

काकांनी खिशातून कॅलिपर काढलं. ते निवृत्त तपासनीस. आमच्या घरातलं एकही दार त्यांच्या हातून पास झालेलं नाही.

"मधे मिलिमीटरभर जास्त आहे," ते म्हणाले आणि आवाज खाली आणला. "शेवटी शेवटी दादाचा हात थरथरायचा, नाही का गं?"

चहाचा कप बाबा दोन्ही हातांनी धरायला लागले होते, हे खरं होतं. पण चाळीस वर्षं लोकांनी ज्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्याची चूक चारचौघांत जायला नको होती.

"सपाट करा," मी म्हटलं. "कुणाला कळू देऊ नका."

काकांनी सकाळभर खपून पुली इतकी सपाट केली, की तिच्यावरून चालताना मुंगीलाही कंटाळा आला असता.

लाकूडवाल्याकडे पुली बसवली, करवत सुरू झाली. पुलीवरचा पट्टा दोन फेऱ्या शहाण्यासारखा फिरला, मग कडेला सरकला आणि सुटून काकांची टोपी घेऊन भुशात पडला. पुन्हा चढवला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी काका आधीच दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

लाकूडवाल्याने यंत्र बंद करून पुलीवर हात फिरवला. "हिचं पोट कुठे गेलं?"

"कसलं पोट?"

"अहो, मधला फुगवटा! पट्टा उंचाकडे चढतो, म्हणून मधे टिकतो. मिस्त्री मुद्दाम ठेवायचे. तुम्ही त्यांचे सख्खे भाऊच ना?"

मला हसू फुटलं ते आवरेना. मग आवरलं. बाबांचं शेवटचं काम मीच पुसायला लावलं होतं.

पुलीच्या दोन्ही कडा उतरवून मधे पोट आणायला काकांना संध्याकाळ झाली.

"एकीकडे जास्तच उतरतंय. दादाला कसं जमायचं कोण जाणे!"

"विचारायचं होतंत ना कधीतरी," मी म्हटलं. ते मलाही लागू होतं.

पट्टा पुन्हा चढवला. थोडा डगमगला, पण टिकला. लाकूडवाला तरी तिथून हलेना.

"आता काय?" काकांनी विचारलं.

"काही नाही. मिस्त्रींची पुली असती, तर एव्हाना मी पाठ फिरवून कामाला लागलो असतो."

काकांनी कॅलिपर खिशात घातलं. मी ते वाक्य घरी जाऊन आईला दोनदा सांगितलं.