हिरवा ठिपका

आमच्या साहेबांचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नाही. पाठीमागे सगळे त्यांना 'बघूया' म्हणतात. रजा मागा, पगारवाढ मागा, मोडक्या खुर्चीच्या जागी नवी मागा, ते कधीच नाही म्हणत नाहीत. 'बघूया' म्हणतात आणि भिजत घोंगडं तसंच पडून राहतं. अशा माणसाच्या हाताखाली मी नोकरभरतीच्या पोर्टलचे स्क्रीन तयार करते.

उमेदवाराला नकार कळवायचा एक स्क्रीन मी केला होता. अगदी साधा. 'या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही. कृपया वाट पाहू नका.' पोर्टल वापरून बघण्याच्या चाचणीला बोलावलेल्या लोकांचे चेहरे तो वाचून पडले, तशी बघूयांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"नकार कुणाला आवडतो, सांग? पोर्टल युजर-फ्रेंडली हवं ना? मग माणसाला बरं वाटलं पाहिजे."

"पण सर, नाही म्हणजे नाहीच ना? निदान त्याला दुसरीकडे बघता येईल."

"बघूया."

खरी गोष्ट वेगळीच होती. कंपन्यांना अर्ज हातचे सोडायचे नव्हते, उद्या कुणी लागलंच तर असावेत म्हणून. माझा स्क्रीन गेला. त्याच्या जागी 'तुमचा अर्ज विचाराधीन आहे' असं आलं आणि शेजारी एक हिरवा ठिपका. झोपलेल्या बाळाचं पोट हलावं तसा तो हळूच मोठा होतो, हळूच लहान होतो. ठिपका मीच केला, आणि खोटं कशाला बोलू, जीव ओतून केला. पुढच्या चाचणीत एक बाई म्हणाली, "बरं वाटतं हो. कुणीतरी आपला अर्ज बघतंय असं वाटतं." त्या संध्याकाळी बघूयांनी सगळ्यांसाठी केक आणला. मीही खाल्ला. वाद घालायचं त्राण माझ्यात तेव्हाच उरलं नव्हतं.

पुढे दादाचा कारखाना बंद पडला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात त्याचे केस पिकले. त्याने आमच्याच पोर्टलवरून एका मोठ्या कंपनीत अर्ज टाकला आणि मला पत्ता लागू दिला नाही. बहिणीच्या वशिल्याने नको, म्हणे. मला कळलं ते शनिवारी, वहिनीचा फोन आला तेव्हा.

"वन्सं, आता तुम्हीच समजवा यांना. गोदामातली नोकरी दारात चालून आलीय. पगार कमी आहे, पण आहे ना! सोमवारी सकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय, नाहीतर ते दुसऱ्याला घेणार. आणि हे म्हणतात, मोठ्या कंपनीचं अजून चालू आहे."

"काय चालू आहे?"

"तो हिरवा दिवा हो. दिवसभर त्याच्याकडे बघत बसतात. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलेत."

फोन ठेवला आणि मी बघायला नको होतं ते बघितलं. पोर्टलवर कंपनीला दिसतो तो स्क्रीन उघडला. ती जागा केव्हाच भरली होती. दादाचा अर्ज कुणी एकदाही उघडलेला नव्हता.

रविवारी दुपारी मी त्याच्या घरी गेले. दादा टेबलावर चादर पसरून पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होता.

"मुलाखतीला अचानक बोलावलं तर धावपळ नको," तो म्हणाला आणि फोन माझ्यापुढे धरला. "तुमचंच ना हे? छान केलंय गं. मला दोन बटणं धड कळत नाहीत, पण हे बघितलं की लगेच समजतं, आपलं चालू आहे."

माझ्या तोंडात 'बघूया' आलं होतं. सोपं होतं ते. ते म्हणून चहा पिऊन घरी येता आलं असतं.

"दादा, ती जागा भरली."

"मग हे?"

"ते सगळ्यांचंच हलतं. कायमच. तिकडे कुणी बघत नाहीये, दादा. तुझा अर्ज कुणी उघडलासुद्धा नाही."

त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि बटण बंद केलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"मग ते केलंय कशाला?"

"लोकांना बरं वाटावं म्हणून. मीच केलंय."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अर्धी इस्त्री झालेला शर्ट बघत राहिला.

"वाटायचं गं बरं," तो म्हणाला. "सकाळी उठल्यावर तर फारच."

मग त्याने आत हाक मारून वहिनीकडे गोदामवाल्यांचा नंबर मागितला. ती स्वतःचा फोन घेऊन लगबगीने आली. तो हातात घेताना दादाने आपला फोन माझ्याकडे दिला. ठिपका अजून हलत होता.

"एवढं बंद करून दे," तो म्हणाला. "मी शोधलं, मला सापडेना. तुला ठाऊक असेल."

मी खुर्चीत बसले आणि फोन दोन्ही हातांत धरला. अर्ज मागे घ्यायचं बटण त्यात नव्हतं. मी ते केलेलंच नव्हतं.