कथलाचे तीन थेंब

माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर तीन पांढरे डाग आहेत. दोन ज्वारीच्या दाण्याएवढे आणि एक वाटाण्याएवढा. ते भाजल्याचे आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण बाळकुमला आमच्या आळीत लोक दोन वर्षं त्यांना कोड म्हणत होते, आणि त्यांना तसं म्हणायला चंद्रभागाबाईने शिकवलं होतं. ती माझी सासू व्हायची होती.

मी तेव्हा डोंबिवलीला एमआयडीसीत टेपरेकॉर्डर जोडायच्या कारखान्यात होते. आम्ही चाळीस बायका लांबलचक टेबलाला बसून दिवसभर वायरी जोडायचो. एका हातात तापलेलं सोल्डरिंगचं आयर्न, दुसऱ्या हातात कथलाची तार. आळीतल्या बाकीच्या मुली आयांबरोबर मासळी विकायला बसायच्या, त्यामुळे मी म्हणजे त्यांना चिडवायला आयतं गिऱ्हाईक. मी नवी साडी नेसून निघाले की मागून हमखास यायचं, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" मी पण वळून द्यायची दोन शिव्या.

माझी आजी जनाबाई धवलारीण होती. आम्हा कोळ्यांच्या लग्नात भटजी थोडा इकडेतिकडे झाला तर चालतं, पण धवलारीण लागतेच. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, तेव्हा नवऱ्याला हळद लागते. हळदीच्या आधी घरातली कर्ती बाई साडी आणि नारळ घेऊन तिच्या दारात बोलवायला येते. मला आईबाप नव्हते, आजीनेच वाढवलं. तिचा तो मान म्हणजे आमच्या घरची इस्टेट. दुसरं काही नव्हतंच.

अठ्ठ्याऐंशी साली माझा साखरपुडा झाला तो दामाजींच्या गुरुदत्तशी. दामाजींचे खाडीत रेती वाहणारे पडाव, मोठ्या होड्या, होत्या, घर दुमजली होतं आणि त्या घरात एक रेडिओग्राम होता. एका कारखान्याचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना तो दामाजींना विकून गेला होता. माणूस झोपेल एवढी लांब शिसवी पेटी. झाकण उचललं की डावीकडे रेडिओ, उजवीकडे रेकॉर्ड वाजवायची तबकडी, पुढे जाळीमागे दोन मोठे स्पीकर. झाकणाला कुलूप, आणि चावी चंद्रभागाबाईच्या कमरेला. गुरुदत्तने मस्कतच्या मित्राकडून नवा टेप डेक मागवला होता, पण त्याला स्वतःचा स्पीकर नव्हता. बापाच्या पेटीतून आपला डेक वाजला पाहिजे, असं त्याने डोक्यात घेतलं. टेंभी नाक्यावरचा मेकॅनिक बघून गेला आणि म्हणाला, नव्या-जुन्याचं जमणार नाही, पेटी भंगारात काढा. दामाजींनी त्याला चहासुद्धा दिला नाही.

मी म्हटलं, मी जोडते. अवघड काही नव्हतं. तबकडीच्या सुईची वायर रेडिओला मागून जिथे जाते, तिथेच डेकची वायर दिली की पेटीला कळतही नाही की सुई बोलतेय की टेप. फक्त वायर वरून तारेची जाळी असलेली हवी, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते. ती मी कारखान्यातून मागून आणली.

लग्नाआधी मुलीने एकटीने सासरी जायचं नसतं, म्हणून आजी बरोबर आली. मी रेडिओग्रामच्या मागे जमिनीवर बसून काम करत होते. दामाजींना आजीचे धवले फार आवडायचे. त्यांनी डेकच्या माइकवर ते भरून घ्यायचं ठरवलं. डेक अजून पेटीबाहेर, माझ्या शेजारीच जमिनीवर होता; त्यावर लाल दिवा लागला. आजी तीन धवले म्हणाली आणि चहाला थांबली. सगळे कपबशीत गुंतले. दिवा तसाच चालू राहिला, हे मागून मला दिसत होतं. मी सांगणार, तेवढ्यात आयर्न निसटलं आणि उकळत्या कथलाचे तीन थेंब माझ्या हातावर पडले.

तो दिवस चांगला गेला होता, ते कबूल करते. चंद्रभागाबाईने स्वतः माझ्या हाताला टूथपेस्ट लावली. वायर जोडून झाली, डेक झाकणाखाली तबकडीवरच बसवला, आणि पेटीतून आजीचा आवाज असा आला की शेजारपाजारच्या बायका दारात गोळा झाल्या. कॅसेटवर दामाजींनी निळ्या शाईने लिहिलं, "जनाबाईचे धवले".

भाजलेलं बरं झालं आणि तिथे पांढरे डाग राहिले. दिवाळीच्या सुमाराला काल्हेरच्या एका गोदामवाल्याची मुलगी गुरुदत्तला सांगून आली. एकुलती एक, बापाच्या चार गोदामांसकट. आता झालेला साखरपुडा मोडायचा कसा? विनाकारण मोडला तर जमातीचे पंच दहा लोकांत उभं करतात. कारण हवं होतं. चंद्रभागाबाई पंचांपुढे डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पोरीला कोड हाय. आमच्यापासून लपवला." भिवाजीबाबा पंचांतले सगळ्यात वडील. त्यांनी माझा हात धरून उजेडात नेला, बघितला आणि सोडून दिला. मी ओरडून सांगितलं की हे भाजल्याचं आहे, यांच्याच घरात भाजलं, हिनेच पेस्ट लावली. चंद्रभागाबाई म्हणाली, "मी? मला तर बाय, काय आठवत नाय." दामाजी खाली बघत होते. गुरुदत्त खाली बघत होता. अळीमिळी गुपचिळी.

माझं लग्न मोडलं, त्याचं मला एवढं वाटलं नाही. खोटं बोलते. वाटलं. पण आजीचं जे झालं, त्याने मी पेटले. कोडाच्या घरची धवलारीण शुभकार्याला कशी चालेल? एकेका घराने तिला बोलवणं बंद केलं. आणि धवले तर हवेत! मग काय, दामाजींच्या घरात कॅसेट होतीच. लग्नघरचा माणूस ती मागून न्यायचा, कर्ण्यावर लावायचा. जनाबाई चालत नव्हती, जनाबाईचा गळा चालत होता. आजी आमच्या ओट्यावर जाळं विणत बसलेली असायची आणि चार घरं पलीकडून तिचाच आवाज यायचा. ती हात थांबवायची, तीन धवले पूर्ण ऐकायची, मग परत विणायला लागायची. मी दोन वर्षं ते बघितलं. चंद्रभागाबाईचं भलं होऊ दे असं मी एकदाही म्हटलं नाही.

नव्वदच्या डिसेंबरात काल्हेरच्या त्या मुलीशी गुरुदत्तचं लग्न होतं, आणि आदल्या दिवशी त्याची हळद. संध्याकाळी साडेपाचला दामाजींचा पुतण्या धाकू आमच्या दारात उभा. मान खाली.

"मालू, पेटी बोलत नाय. नुसती घरघर करते. काकी बोलली, वायर तूच जोडलेलीस, तर…"

"काकी बोलली?"

"मेकॅनिक यायला तयार नाय गो, कर्णेवाला पन दुसऱ्या लग्नात हाय. मांडव भरलाय."

गरज सरो वैद्य मरो, आणि गरज परत लागली की वैद्याला मसणातून उठवा! मी तोंड उघडणार, एवढ्यात मला तो लाल दिवा आठवला.

त्या दिवशी टेप चालूच होता. आजीच्या चहापासून पुढे सगळं त्या कॅसेटवर असणार. मग दोन वर्षांत कोणी ऐकलं कसं नाही? कारण तिसऱ्या धवल्यानंतर नुसती सळसळ होती, आणि गाणी संपली समजून जो तो तिथेच टेप बंद करत होता.

आजी म्हणाली, "जाऊ नको, मालू. त्यांचा दिवस हाय."

"त्यांचाच हाय," मी म्हटलं आणि आयर्न पिशवीत टाकलं.

मांडवात मी शिरले तशा बायका बाजूला झाल्या, पदर सावरून. चंद्रभागाबाईने कमरेची चावी काढून माझ्या हातात न देता पाटावर ठेवली. कोड लागू नये म्हणून! ती चावी मी त्याच हाताने उचलली.

पेटी मांडवात घराच्या भिंतीला लावलेली; सरकवून बघितलं, तर मागची वायर उंदराने कुरतडली होती. दहा मिनिटांचं काम. सांधा पक्का केला, पेटी परत भिंतीला चिकटवली, आवाज अगदी बारीक ठेवला, स्पीकरच्या जाळीला कान लावला आणि कॅसेट पुढे पळवली. धवला, धवला, धवला. सळसळ. आणि मग कपबशी, माझी किंकाळी, आणि चंद्रभागाबाईचा आवाज, "काय झाला गो?" मी तिथेच थांबवली. पुढचं ऐकायला छाती झाली नाही. कॅसेट पहिल्यापासून लावली, आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, झाकण लावलं, कुलूप घातलं. उठताना पाटाशेजारी हळदीचं मोठं पातेलं होतं, काठोकाठ भरलेलं. चावी मी त्यात सोडली. ती गपकन बुडाली.

गुरुदत्त पाटावर बसला. आजीचा पहिला धवला सुरू झाला, बायका हळद लावायला लागल्या. मी गेले नाही. मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिले. कोणी मला जा म्हटलं नाही, पेटी परत बिघडली तर?

तिसरा धवला संपला. सळसळ सुरू झाली. चंद्रभागाबाई म्हणाली, "अवो, दुसरी कॅसेट लावा, नाचायची." दामाजी झाकणाशी गेले, ओढून बघितलं, चावी मागितली. ती म्हणाली, मालूला दिलेली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थांबा ना. अजून हाय त्याच्यावर."

पेटीतून कपबशी वाजली. मग माझी किंकाळी, मांडवभर. आणि मग चंद्रभागाबाईचा आवाज, पेटीसमोर उभ्या असलेल्या चंद्रभागाबाईपेक्षा मोठा.

"काय झाला गो? हात बघू. अगो बाय! कथील सांडला काय? तीन ठिकानी भाजलंय! अवो, पेस्ट आना! आमच्या या खोक्यापायी पोरीचा हात जलला."

मग आजी. "डाग रवतील गो, चंद्रभागा."

"रवंदे! मी सांगीन सगल्यांना, माझ्या सुनेनं माझ्या घरासाठी हात भाजून घेतला. कोन नाव ठेवतंय तेच बघते."

चंद्रभागाबाईचे दोन्ही हात हळदीने भरलेले, तसेच हवेत. गुरुदत्त पाटावरून उठला, हळद लागलेल्या नवऱ्याने उठू नये तरी उठला, आणि मागच्या प्लगकडे धावला. पण पेटी भिंतीला चिकटून होती. ती सरकेपर्यंत एक वाक्य आणखी आलं. ते माझं होतं.

"काय होत नाय, मावशी. आपल्याच घरचा काम हाय." आणि मी हसले होते. खूप हसले होते.

ते वाक्य मी विसरले होते. ते तिथे आहे हे माहीत असतं तर मी कदाचित चावी पातेल्यात टाकली नसती. गुरुदत्तने माझ्याकडे बघितलं, प्लग हातात. माझे डोळे भरले, आणि त्या सगळ्यांदेखत भरले म्हणून मला माझाच राग आला. मी डावा हात वर केला, हाताची डागांची पाठ लोकांकडे करून, आणि तसाच धरून ठेवला.

"चंद्रभागा," भिवाजीबाबा उठून म्हणाले, "आवाज तुझाच ना?"

ती म्हणाली की टेपात कोणीही काहीही भरतं. एक म्हातारी फिस्सकन हसली, मग दुसरी. त्याच टेपवर दोन वर्षं त्यांच्या घरची लग्नं लागली होती.

भिवाजीबाबांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "मी पन हात बघून सोडला, माझी पन चूक. पन हलद अशी नाय लागायची. साडी-नारल घे आनि जनाबाईला घेऊन ये. चालत जा. हात धुवू नको."

ती गेली. कोपरांपर्यंत पिवळ्या हातांत साडी आणि नारळ घेऊन, सबंध आळीतून, आणि मागे अर्धा मांडव. मी तिच्या अगदी मागे होते. तिची प्रत्येक पावलाला होणारी फजिती मला बघायची होती, आणि मी ती बघितली. पोट भरून बघितली.

आजी ओट्यावर जाळं घेऊन बसली होती. तिनेही पेटी ऐकली होती, आळीत कोणाला ऐकू आली नव्हती? चंद्रभागाबाईने साडी पुढे केली. "जनाबाय, चुकला माझा. चल. तुझ्याबिगर हलद अडलीय."

आजीने साडीला हात लावला नाही. सुतळीची गाठ मारली, ओढून पक्की केली.

"मी कशाला? माझा गला तर तुझ्या पेटीत हाय. वाजव."

"पेटी उघडत नाय गो," चंद्रभागाबाई रडायला लागली. "चावी सापडत नाय."

आजीने माझ्याकडे बघितलं. सगळ्या आळीने बघितलं.

"हलदीच्या पातेल्यात हाय, मावशी," मी म्हटलं. "हात घाला, मिलेल. हात तर भरलेलेच हायेत."

चंद्रभागाबाई साडी-नारळ ओट्यावर टाकून परत गेली. त्या दिवशी गुरुदत्तला परत हळद लागली, ती धवल्यांशिवाय. आजीने साडी दुसऱ्या दिवशी धाकूबरोबर परत पाठवली, नारळ मात्र ठेवला. संध्याकाळी त्याची चटणी केली.