नोंदीच्या खोलीतली उघडी दुपार

मी एक जुने लोखंडी कपाट आहे. मित्रांनो, माझा हिरवा रंग आता फक्त बिजागरींपाशी उरला आहे. जाड पत्रा कापून, ठोकून मला घडवले आणि चौघा हमालांनी घामाघूम होत एका मोठ्या दवाखान्याच्या नोंदीच्या खोलीत आणून उभे केले.

माझ्या पोटात रुग्णांच्या फायली असत. त्या सांभाळणाऱ्या बाई मोठ्या करड्या शिस्तीच्या. मोठे डॉक्टर आले तरी म्हणत, "आधी वहीत सही, मग फाईल." डॉक्टर निमूट सही करत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

पुढे लेकीच्या बाळंतपणासाठी बाई रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेला कारकून भला, पण विसरभोळा. एका दुपारी तो मला उघडेच टाकून चहाला गेला. तेवढ्यात इस्त्रीच्या कपड्यातला एक गृहस्थ आत शिरला. त्याने भराभर फायली चाळल्या, एक उचलली आणि पिशवीत सारली. मला ओरडता आले नाही.

बाई परतल्या. पहिल्याच दिवशी त्यांना फायलींमधली फट दिसली. वहीत सही नव्हती. कारकुनाने त्या दुपारची चूक कबूल केली. फाईल एका शिक्षिकेची होती. मनाच्या आजारावर त्या इथे उपचार घेत होत्या. बाईंनी वरिष्ठांना कळवले आणि शिक्षिकेला बोलावून घेतले.

"ताई, चूक आमची आहे."

"शाळेत सगळ्यांना कळलंय," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापिका होणार होते मी. आता मुलं तरी माझ्या हाती द्यावीत का, यावर चर्चा चालू आहे." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "घरात कुणाला बोलले नव्हते. इथे बोलले, कारण इथे कुलूप होतं."



चौकशीत फाईल सापडली, ती त्याच शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या खणात. इस्त्रीच्या कपड्यातला गृहस्थ तोच, आणि त्यानेच ती शाळेत सगळ्यांना दाखवली होती. त्याचीही मुख्याध्यापक व्हायची धडपड होती. त्याची नोकरी गेली. फाईल माझ्याकडे परत आली, पण लोकांनी वाचलेले कोण परत आणणार? शिक्षिकेने ती शाळा सोडली. त्या पुन्हा उपचाराला आल्या नाहीत. बाई कितीतरी दिवस दाराकडे बघत असत.

मित्रांनो, कुणाचे पत्र, कुणाची डायरी, कुणाच्या तपासणीचा कागद तुमच्यासमोर उघडा पडला, तर न वाचता मिटून ठेवा. ज्याचा आहे, त्याच्या हाती द्या. कुणीतरी फार धीर गोळा करून ते लिहिलेले किंवा सांगितलेले असते.