आयुधपूजेला ठेवलेलं चित्र

मी एक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. शाळेत कांद्याचा पापुद्रा दाखवणाऱ्या त्या छोट्या नळकांड्याशी माझी गल्लत करू नका. मी चांगला माणसाएवढा उंच आहे आणि तेवढाच हट्टी. तुमच्या एका केसाच्या जाडीचे हजारो भाग केलेत, तर त्यातला एखादा भाग म्हणजे माझा रोजचा खुराक. त्या जगाला तुम्ही नॅनो म्हणता.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातला. लाकडी खोक्यात बसून, आधी बोटीने आणि मग ट्रकने मी बंगळुरूच्या या संशोधन संस्थेत आलो. इथे माझे जावयासारखे लाड झाले. वीज गेली तरी माझी खोली गार. चपला दाराबाहेर. जवळच मेट्रोचं काम सुरू झालं आणि जमिनीच्या हादऱ्यांनी माझी चित्रं हलायला लागली, तेव्हा लगेच माझ्या पायांखाली रबराच्या गाद्या आल्या.

या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे पद्माकर सर. पुण्याहून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. माझी देखभाल मालोजी अण्णांकडे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरूतलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं. मला पुसताना ते गुणगुणतात, ते मला आवडतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथे आयुधपूजा असते. गावभर रिक्षांना झेंडूच्या माळा चढतात, रस्त्यावर कोहळे फुटतात. मला धुरा-धुळीचं वावडं, म्हणून उदबत्ती दाराबाहेर लावतात आणि ओल्या गंधाचा टिळा माझ्या टेबलाला लागतो. सरांनी पहिल्याच वर्षी एक प्रथा पाडली. त्या वर्षी मी दाखवलेलं सगळ्यात मोलाचं चित्र कागदावर छापायचं, माझ्यासमोर ठेवायचं आणि त्यालाही कुंकू लावायचं. सोन्याचे कण, औषध थेट रोगाच्या गाठीपर्यंत नेणाऱ्या इवल्या कुप्या, नव्या बॅटऱ्यांचे थर, अशी किती चित्रं माझ्यासमोर पुजली गेली. मी दरवर्षी फुगायचो.

मग वल्लरी आली. सोलापूरची मुलगी, कोरमंगलाच्या पीजीत राहणारी, डबा विसरणारी पण नमुन्यावर चुकूनही बोट न लावणारी. तिने पाण्याच्या फिल्टरसाठी मातीची कँडल बनवली होती आणि तिच्यावर चांदीचे नॅनोकण बसवले होते. चांदी पाण्यातले जंतू मारते. मी पाहिलं तेव्हा ते कण खसखशीसारखे एकसारखे पसरलेले होते. सर खूश झाले. त्यांचा जुना विद्यार्थी अभिराज, शहरातच एचएसआर लेआउटमध्ये फिल्टरची कंपनी चालवणारा, तर धावतच आला. ‘‘सर, देवनहळ्ळीच्या शाळेपासून सुरुवात करू,’’ तो म्हणाला. ‘‘तुमचा रिसर्च पेपर छापून आला की लगेच फिल्टर बसवतो.’’

वल्लरीने मात्र एक काम जास्तीचं केलं. देवनहळ्ळीच्या त्याच शाळेच्या बोअरवेलचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं आणि काही आठवडे कँडलमधून सोडलं. मग तिचा एक तुकडा माझ्या पोटात ठेवला. मी दाखवलं. जागोजागी नुसती माती होती. त्या क्षारांच्या पाण्याने चांदी सुटून वाहून गेली होती. एका कोपऱ्यात तेवढी ती पहिल्यासारखी चमकत होती.

‘‘सर, बाकी सगळीकडे सिल्व्हर गेलंय,’’ वल्लरी म्हणाली.

‘‘अगं, तो कोपरा छान आहे ना? तोच घे,’’ सर म्हणाले. ‘‘सगळंच कोण छापतं? तुझा प्रबंध यावरच अडलाय, विसरू नकोस.’’

सर वाईट नाहीत. पण मी इतकी वर्षं माणसं पाहतोय. चित्र मनासारखं आलं नाही की ती माझी तक्रार करतात, आलं की स्वतःची पाठ थोपटतात. हल्ली तर संगणक डागाळलेलं चित्रही गुळगुळीत करून देतो. मी खोटं दाखवत नाही, पण कुठे पाहायचं ते माझ्या हातात नसतं. वल्लरीने तो चांगला कोपरा टिपला आणि मला फार वाईट वाटलं. शाळेतली मुलं ते पाणी पिणार होती. सुटलेली चांदी रोज पोटात गेली तर पुढे काय होतं, हे अजून कोणालाच नीट ठाऊक नाही. आणि चांदी संपल्यावर जंतू मारणार कोण?

आयुधपूजेची सकाळ उजाडली. सर रेशमी सदरा घालून आले. अभिराज मिठाईचा खोका घेऊन उभा.

‘‘वल्लरी अक्का, औंदाचं चित्र कुठं हाय?’’ मालोजी अण्णांनी विचारलं. ‘‘स्वल्प लवकर आण की.’’

वल्लरीने कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर तो चमकता कोपरा नव्हता. उघडी पडलेली माती होती.

‘‘हे काय?’’ अभिराज म्हणाला.

‘‘त्या चांगल्या कोपऱ्याचं प्रिंट काढलं होतं, सर,’’ वल्लरी म्हणाली. ‘‘पण इथे, याच्यासमोर ठेवायला हात होईना. पेपरमध्ये टाकलं असतं मी कदाचित. पूजेला नाही ठेवता येत.’’

बाहेर कोहळा फुटल्याचा आवाज आला. सरांनी कुंकवात बुडवलेलं बोट तसंच हवेत धरलं होतं. मग ते वाकले आणि त्या उघड्या मातीवरच त्यांनी बोट टेकवलं. ‘‘अभिराज, शाळेला कळव,’’ ते म्हणाले. ‘‘फिल्टर इतक्यात येणार नाहीत.’’

अभिराज मिठाई ठेवून निघून गेला. पुढे त्याने सरांचे फोन घेतले नाहीत. वल्लरीचा प्रबंध लांबला. तो अजून का होत नाही हे ती घरी फोनवर समजावत बसायची, तेव्हा माझ्याने ऐकवत नसे. चांदी घट्ट धरून ठेवणारा नवा लेप ती अजून शोधते आहे. कधी जमतं, कधी नाही, आणि दोन्हींची चित्रं आता ती भिंतीवर शेजारी शेजारी लावते.

मी थकलो आहे. माझे सुटे भाग आता कुठे बनत नाहीत. लवकरच नवा सूक्ष्मदर्शक येईल, माझ्याहून तीक्ष्ण नजरेचा, आणि मी कुठल्या तरी कोपऱ्यात जाईन. त्याचं मला दुःख आहे, कशाला लपवू? तुमच्याकडे एवढंच मागतो. त्याचे लाड करा, त्याच्याही पायाखाली गाद्या घाला. पण त्याच्या पहिल्या आयुधपूजेला नवं चित्र शोधत बसू नका. कुंकवाचा डाग पडलेलं ते जुनंच त्याच्यासमोर ठेवा.