बिनपायाचा ड्रॉवर

ठाकूरद्वारच्या रमाकांतशेठना फिरतं घर हवं होतं. राहतं घर होतंच की. चार खोल्या, वेगळं देवघर, गॅलरीत झोपाळा. पण परदेशातून आलेल्या मेव्हण्याने एक अमेरिकन मासिक आणलं आणि त्यातल्या एका चित्राने शेठची झोप उडवली. चित्रात झाडाखाली एक गाडी उभी होती आणि तिच्या कुशीतून अख्खी भिंत, खिडकी-पडद्यासकट, टेबलाच्या खणासारखी बाहेर आली होती. आत एक गोरं कुटुंब ऐसपैस बसून नाश्ता करत होतं. शेठचा धंदा यात्रेच्या बसगाड्यांचा. जन्मभर लोकांना काशी-रामेश्वर दाखवलं, आता आपल्या बायकामुलांना घेऊन फिरायचं आणि कुठल्याही धर्मशाळेची पायरी चढायची नाही, असं त्यांनी ठरवलं. एक जुनी बस त्यांनी लोअर परळला जयवंतच्या शेडमध्ये आणून लावली आणि जयवंतच्या नाकासमोर ते चित्र धरलं.

जयवंत गाड्यांच्या बॉड्या बांधायचा. माणूस तोंडाचा गोड, पण आतून पक्का. गिरण्यांचा संप होऊन दोन वर्षं उलटली होती, संप मोडल्यात जमा होता, आणि गिरणगावातले एक से एक फिटर-टर्नर रोज सकाळी त्याच्या दाराशी येऊन उभे राहायचे. बाजारात भेंडी मोडून बघतात तसा तो त्यांना निवडून घ्यायचा. त्यातलाच एक रामदास. भोईवाड्याच्या चाळीत राहणारा, गिरणीच्या वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं काढलेला फिटर. त्याच्या हाताला कान होते, असं गिरणीत म्हणायचे. मशीनवर तळवा ठेवला की आतलं दुखणं कळायचं. आता तोच हात जयवंतच्या शेडमध्ये पत्र्यांना रिबिटा मारत होता.

"याला विचारा," जयवंत शेठना म्हणाला. "मशीनचा माणूस आहे."

"मला फायदे सांग, तोटे सांग," शेठ म्हणाले. "भीड ठेवू नको. बाहेर सरकणारी भिंत करायची का साधी बॉडी?"

रामदासला कुणी दोन वर्षांत एवढ्या मानाने काही विचारलं नव्हतं. बिचारा फुलला, आणि खरं बोलायला लागला. फायदा एकच, म्हणाला, पण मोठा. गाडी सात फूट रुंद; एक उभा राहिला की दुसऱ्याने जायचं कुठून? भिंत अडीच फूट बाहेर सरकली तर समोरासमोर बसता येईल, मध्ये चालता येईल, घर घरासारखं वाटेल. तोटे मात्र त्याने बोटांवर मोजले. सगळं वजन एका अंगाला येणार, स्प्रिंग बसणार. भिंत ज्या लोखंडी चॅनेलवर सरकणार त्यात घाटातली धूळ गेली की ती अडकणार. फटीतून पाणी झिरपणार. वाटेत भिंत आत असेल तेव्हा आतला पलंग अडणार, म्हणजे कुणाला पडावंसं वाटलं तरी पडायची सोय नाही. आणि भर रस्त्यात बाहेरच अडकून बसली, तर गाडी तिथून हलायची नाही.

रामदासला या भानगडीची जात चांगली ठाऊक होती. त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत गिरणी चालू असताना सात माणसं राहायची आणि जागा पुरायची. तो, त्याचा भाऊ आणि मेव्हणा, तिघं तीन पाळ्यांत. एक उठला की त्याच वाकळीवर दुसरा पडायचा. संप झाला आणि तिघे एकदम घरी आले. तेव्हा पहिल्यांदा कळलं की खोली लहान आहे. घर चालू असतं तोवर जागा लागत नाही, थांबलं की लागते. शेठच्या गाडीचंही तेच होतं, फक्त शेठ हौसेने थांबणार होते.

शेठ गेल्यावर जयवंतने त्याला कोपऱ्यात घेतलं.

"तू फिटर आहेस का वकील? अरे, ड्रॉवर झाला तर तीन महिन्यांचं काम आहे. शेठ बोलतो, जमलं तर अजून चार गाड्या अशाच बांधायच्या. तुझ्या चाळीतले दोघं-चौघं लागतील. साधी बॉडी बोलला तर पंधरा दिवसांत काम खलास, तू तुझ्या वाटेने जा. आता बोल, तोटे किती?"

शेडमध्ये सगळे त्या भिंतीला ड्रॉवरच म्हणायला लागले होते. रामदासने त्या दिवसापासून तोट्यांचं नाव काढलं नाही.

एक तोटा मात्र त्याला गिळवेना. त्या बसची चेसिस जुनी, हाडं झिजलेली. ड्रॉवर बाहेर आला की त्याच्या बाहेरच्या कडेखाली दोन लोखंडी पाय हवेत, दुमडणारे. गाडी थांबली की खाली सोडायचे. त्याने तसे पाय कागदावर काढून शेठना दाखवले.

शेठनी मासिक उघडलं. "ह्या चित्रात पाय आहेत?"

"दिसत नाहीत, शेठ. पण तिकडची चेसिस वेगळी असेल."

"म्हणजे प्रत्येक मुक्कामाला कुणीतरी खाली उतरून चिखलात पाय रोवायचे? आणि दिसणार कसं? कुबड्या घेतलेल्या म्हाताऱ्यासारखं. मला पाय नकोत. बिनपायाचा टिकेल की नाही, एवढं बोल. नसेल टिकत तर राहू दे, साधी बॉडी करू."

शेठच्या पाठीमागे जयवंत उभा होता. त्याने रामदासवर डोळे रोखले होते.

"टिकेल," रामदास म्हणाला.

घरी त्याने कौसल्येला हे सांगितलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. "मग टिकंल का?" तिने विचारलं.

"माणसं सारखी बसली तर टिकेल. सगळी एकदम कडेला आली तर नाय."

"आणि कडेला येतील कशाला?"

"तेच तर. नाश्ता करताना कोण उठतंय?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग झालं तर." झालं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण दोन वर्षांनी घरातला माणूस रोज सकाळी कामाला निघत होता, आणि त्या सुखापुढे अडीच फुटांचा ड्रॉवर कुणाच्या डोळ्यांवर येणार?

महिनाभरात सांगाडा तयार झाला. चॅनेल बसले, बेअरिंगं बसली, हँडल फिरवलं की ड्रॉवर मांजरासारखा आवाज न करता बाहेर यायचा. बाहेरच्या बाजूला पत्रा ठोकायचा बाकी होता. शेठ बघायला आले, खूश झाले, आणि म्हणाले, "पत्रा मारायच्या आधी वजन घालून दाखवा. आमच्या घरची सहा माणसं बसणार आहेत, एकेक सत्तर किलोचा ऐवज. टिकला तर पुढच्या चार गाड्या आजच पक्क्या."

"वाळूची पोती आणू?" रामदासने विचारलं.

"पोती कोण वाहून आणणार आणि नंतर टाकणार कुठे?" जयवंत हसला. "माणसंच बसव. गिरणगावात सध्या वाळूपेक्षा माणूस स्वस्त आहे. चहा आणि दोन-दोन वडापाव देऊ. जा, घेऊन ये."

रामदास गेला आणि घेऊन आला. ड्रॉवर पास झाला तर इथे दोघा-चौघांची वर्णी लागेल, एवढं सांगितल्यावर माणसं मिळायला किती वेळ लागतो? सगळे त्याच्याच गिरणीतले, त्याच्याच चाळीतले. सगळ्यांत पुढे कुशाबातात्या. साठीला टेकलेला, साचेखात्यात तीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस. रामदासला बदली कामगार म्हणून गिरणीत चिकटवला तोही त्यानेच, भरती करणाऱ्या जॉबरच्या हातापाया पडून. तात्या धुतलेला सदरा घालून आला होता, जणू मुलाखतीलाच.

जयवंतने सहाजणांना एकदा वरून खाली न्याहाळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय आणलंस? यांच्यात वजन कुठाय?"

शेजारी भंगारवाल्याचा मोठा काटा होता. जुन्या लोखंडाच्या जागी एकेकाला उभं केलं. कुशाबातात्या चव्वेचाळीस किलो भरला. सहाजण मिळून शेठच्या घरची जेमतेम चार माणसं झाली. दोन वर्षांत गिरणगावातल्या माणसाचं काय झालं, ते भंगारवाल्याच्या काट्याने असं बिनबोभाट सांगून टाकलं. शेठना मौज वाटली. त्यांनी स्वतः काट्यावर उभं राहून बघितलं आणि हसत उतरले.

"अजून तिघं आण," जयवंत म्हणाला. "आणि आधी खाऊन चढा रे सगळे, तेवढंच वजन वाढेल."

"शेठची सहा म्हणजे आपली नऊ," भिवा म्हणाला. हा भिवा तात्याच्या शेजारचा, रिंगखात्यातला. सगळे हसले. रामदासही हसला, आणि हसलो याची त्याला तिथेच शरम वाटली.

दोन बाकं टाकली होती, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. कोण कुठे बसायचं ते रामदासने नीट ठरवून दिलं. जड माणसं आत, हलकी बाहेर. म्हणून तात्या बाहेर, उघड्या कडेला. "कुणी हलायचं नाय," रामदास म्हणाला. "अर्धा तास. खोकायचं असलं तरी सावकाश." त्याने हँडल फिरवलं. ड्रॉवर नऊ माणसांना घेऊन अडीच फूट हवेत गेला आणि थांबला. रामदासने चॅनेलवर तळवा ठेवला. चॅनेल ताणलेलं होतं, पण धरून होतं.

नऊजण फोटोला बसल्यासारखे बसले. भिवाच्या नाकावर माशी बसली तर तात्या त्याला दबक्या आवाजात म्हणाला, "हात उचलू नको. पोरांच्या पोटाचा सवाल हाय." दहा मिनिटं गेली, वीस गेली. शेठ घड्याळात बघून मान डोलावत होते. जयवंतने पुढच्या चार गाड्यांचं बोलणं काढलंसुद्धा. पंचवीस मिनिटं झाली.

आणि भोंगा वाजला.

त्यांच्या गिरणीचा. गिरणगावात साठ गिरण्या असतील, पण आपला भोंगा माणूस आईच्या हाकेसारखा ओळखतो. दोन वर्षं न वाजलेला तो आवाज शेडच्या पत्र्यांतून आला आणि नऊच्या नऊ माणसं उठून उभी राहिली. कुणी ठरवलं नाही, कुणी विचार केला नाही. तीस-तीस वर्षं ज्या आवाजाला पाय आपोआप उठले, त्याला ते आत्ताही उठले. "चालू झाली!" भिवा ओरडला. "आपली चालू झाली रे!" आणि चिमणीतून धूर निघतोय का ते बघायला सगळे उघड्या कडेला धावले. तिथून गिरणीची चिमणी दिसत होती.

"बसा! खाली बसा!" रामदास ओरडला, पण भोंग्यापुढे त्याचं कोण ऐकणार? त्याच्या तळव्याखाली चॅनेल एकदा थरथरलं आणि वाकलं. कड खाली गेली. पहिला पडला तो तात्या, कारण तोच सगळ्यांत पुढे होता, आणि हसतही होता. बाकीचे त्याच्या आजूबाजूला पडले, खरचटले, उठले. ड्रॉवरची लोखंडी कड तात्याच्या उजव्या हातावर बसली होती.

चौघांनी कड उचलली. हाताकडे बघवत नव्हतं. भिवाने पंचा गुंडाळला तो लगेच भिजला. एवढ्यात गिरणीकडून चहावाला आला, त्याच्याकडून कळलं की गिरणी-बिरणी काही चालू झालेली नाही. मालकांनी जुना माल विकायला काढला होता, आणि भोंगा घेणारा व्यापारी तो वाजतो की नाही ते बघून घेत होता.

तात्या कण्हत नव्हता. तो शेठना शोधत होता. "शेठ," तो म्हणाला, "ड्रॉवर चांगला हाय. पोराच्या कामात खोट नाय. आमीच उठलो. आमाला बसायला सांगितलं हुतं, आमीच उठलो."

शेठनी रामदासकडे बघितलं. "खरं का? हे उठले नसते तर टिकला असता?"

पाय लावले असते तर नऊ काय, अठरा उठले असते तरी टिकला असता. रामदासच्या जिभेवर ते आलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे 'टिकेल' हा आपलाच शब्द गिळायचा, आणि चार गाड्या अजून हातातून गेल्या नव्हत्या. त्याने तात्याकडे बघितलं नाही.

"टिकला असता," तो म्हणाला. "हे उठले म्हणून."

शेठनी थोडा विचार केला आणि मासिक मिटलं. "नको. साधीच बॉडी करा. पुढच्या गाड्यांचंही राहू दे. बरं झालं इथेच कळलं. घाटात कुठे झालं असतं तर? आत घरची माणसं असती."

ते गाडीत बसून निघून गेले. जयवंतने वाकलेलं चॅनेल पायाने ढोसून बघितलं आणि म्हणाला, "रामदास, तू कुठे जाऊ नको. हे काढून भोक बुजवायचंय. आठवडाभराचं काम आहे. हॉस्पिटलात तुझं काय काम?"

बाहेर टॅक्सी उभी होती. सीट खराब होईल म्हणून टॅक्सीवाला कुरकुरत होता आणि भिवा त्याला हातापाया पडून समजावत होता. रामदास तिथवर गेला. आता लपवून काही मिळणार नव्हतं. गाड्या गेल्या होत्या, चाळीतल्या कुणाला काम लागायचं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर निदान म्हातारा एका ओझ्याने तरी हलका होऊन गेला असता.

तात्या मागच्या सीटवर भिंतीसारखा पांढरा पडून बसला होता. त्याने डावा हात कपाळाला लावला. "तुझं काम आमी घालवलं, रामदास," तो म्हणाला. "चाळीतल्या पोरांचं पण. दोन वरसांनी एक दार उघडलं हुतं, ते आमीच बंद केलं. माफ कर मला."

रामदासने टॅक्सीच्या दारावर हात ठेवला. शेडमधून जयवंतने हाक मारली.

"असू दे, तात्या," तो म्हणाला. "पुढच्या वेळी जरा सांभाळून बसा."

मग त्याने दार लावलं आणि तो कामाला गेला.