अकराव्या मजल्यावरचा देवदार

मित्रांनो, खारघरच्या एका सोसायटीत, अकराव्या मजल्याच्या बाल्कनीत, वाळत चाललेलं एक झाड तुम्हाला दिसेल. तो मी, देवदार. वयाने लहानच आहे, पण निम्मं अंग म्हातारं झालं आहे.

माझा जन्म हिमाचलातल्या एका उतारावर, आईच्या सावलीत झाला. तिकडची थंडी मोठी कडक. वर्षातले कितीतरी महिने ती आम्हाला वाढूच देत नाही. मग आम्ही उंचीचा नाद सोडून अंगात राळ साठवतो, चिकट आणि सुवासिक. खोड पोखरायला किडा आला की राळ धावून येते, त्याला बाहेर ढकलते, जखम बुजवते. उरलेल्या किड्यांचा समाचार बर्फ घेतो.

वैदेहीताई तिथे सहलीला आल्या, तेव्हा मी जेमतेम वीतभर होतो. "एवढासा तर आहे, कुणाला कळतंय?" असं पुटपुटत त्यांनी मला मुळासकट उपटलं आणि ओल्या रुमालात गुंडाळून, लोकरी टोपीत दडवून घरी आणलं.

त्यांनी मायेत काही कमी केलं नाही. रोज पाणी, वेळेवर खत, उन्हाळ्यात कुंडीत बर्फाचे खडे. त्यांचे यजमान वरददादा चिडवायचे, "त्याला एसीत झोपव, मी बाल्कनीत पडतो." इथे दटावणारी थंडी नव्हती, मग काय, मी सरसर वाढलो. शेजारच्या चारुलताकाकू म्हणायच्या, "काय गं हात तुझा, काहीही लाव, येतंच." मीही हुरळलो. सगळं बळ उंचीत गेलं, राळेसाठी थोडंच उरलं.

जी थोडी पाझरायची, ती वैदेहीताईंना मळ वाटायची. दर रविवारी ओटा घासून झाला की साबणाच्या फडक्याने त्या माझं खोडही लख्ख पुसायच्या.

यंदा माझा शेंडा पिवळा पडला. खोडाला बारीक भोकं दिसू लागली, कुंडीत भुसा सांडला. ताईंची भाची रुतिका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. ती आली आणि वाकून बघतच राहिली.

"मावशी, याची राळ कुठे गेली?"

"ते चिकट? पुसते ना मी. मुंग्या लागतात गं."

"अगं, ती ढाल होती त्याची. इथल्या गरमीत आधीच कमी तयार होते, आणि किडे मात्र बारा महिने जागे."

ताई कुंडीशेजारी फरशीवर बसल्या. मग म्हणाल्या, "वरद, तिकिटं काढ. याला त्याच्या डोंगरावर ठेवून येऊ."

मित्रांनो, माझ्या पानापानात वारा भरला. आईची सावली आठवली.

रुतिका हळूच म्हणाली, "नाही नेता येणार, मावशी. याच्या पोटातले किडे तिकडच्या झाडांत शिरतील. तिकडेही आता बर्फ कमी पडतो. तहानलेली झाडं राळ कुठून आणणार?"

"म्हणजे याला घरातून काढलं मीच, आणि परतीची वाटही मीच बंद केली."



दुसऱ्या दिवशी वरददादांनी माझा पोखरलेला शेंडा करवतीने उतरवला. ताईंनी माझी खालची हिरवी फांदी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ती फांदी तरी जगेल का, मला ठाऊक नाही. ताई आता पाणी बेतानेच घालतात आणि माझ्याकडे न बघता आत जातात. त्यांना सांगावंसं वाटतं, उंचीची हाव मलाही सुटलीच होती. पण झाडाला बोलता कुठे येतं?

म्हणून तुम्हाला सांगतो. डोंगरावर गेलात, तर आमच्या सावलीत बसा, राळेचा वास छातीभर घ्या आणि रिकाम्या हातांनी परत या. मला उचलून गरमीत आणलं गेलं. माझ्या आईला कुणी हलवलेलं नाही. ती जागेवरच उभी आहे, आणि ही गरमी तिच्याकडे डोंगर चढत निघाली आहे. तिला जमेल तेवढी खालीच अडवा.